मंडळाची एकुलती एक वैमानिक

जव्हारच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे. तिच्या दारावर ‘जव्हार-मोखाडा विमानविद्या प्रोत्साहक मंडळ’ अशी पाटी आहे आणि त्या मंडळाचा चिटणीस मी, गौतम. पोटापाण्यासाठी पंचायत समितीत लिपिक आहे. आमच्या दोन्ही तालुक्यांत धावपट्टी नाही, विमान नाही, आणि डोक्यावरून जाणारी विमानं आम्हाला भेट द्यायला थांबत नाहीत. पण मंडळ आहे, आणि गेली सात वर्षं ते तरुण वैमानिकांना जोरात प्रोत्साहन देत आहे.

मंडळ काढलं तुळशीदास सरांनी. सर निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर पेन्शनर मंडळींबरोबर ते मुंबईहून वाराणसीला विमानाने गेले होते. जाताना त्यांना मधली सीट मिळाली आणि येताना वाटेच्या कडेची, त्यामुळे आकाश त्यांनी दोन्ही वेळा दुसऱ्याच्या खांद्यावरूनच पाहिलं. तरीही प्रत्येक भाषणाची सुरुवात ते ‘तीस हजार फुटांवरून मी जेव्हा खाली पाहिलं’ अशीच करतात. उपाध्यक्षा पुष्पलता मॅडम हायस्कुलात शिक्षिका आहेत; स्वागतगीत आणि शिस्त ही दोन खाती त्यांच्याकडे. कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी निळे कोट शिवून घेतले आहेत. अध्यक्षांच्या बाहीवर चार सोनेरी पट्ट्या, उपाध्यक्षांच्या तीन, माझ्या दोन. मार्च महिन्यात भर दुपारी ते कोट घालून आम्ही आश्रमशाळांत जायचो, पोरांना रद्दी फॉर्मांची कागदी विमानं करायला लावायचो आणि ‘युवा वैमानिक’ असं ओळखपत्र द्यायचो. अशी तीनशे बारा ओळखपत्रं मी स्वतः लॅमिनेट करून आणली आहेत. त्यांतला एकही जण पुढे जिन्यापेक्षा उंच गेल्याचं मंडळाच्या दप्तरात नाही.

मग ठाण्याच्या एका कंपनीला समाजसेवा करायची होती, आणि आमच्या नावात विमानविद्या होती. कंपनीने मंडळाला शेतात औषध फवारायचा ड्रोन दिला. सहा पंख्यांचा, दहा लिटरच्या टाकीचा, दोघांनी उचलायचा. शिवाय एका मुलीला तो उडवायचं प्रशिक्षण, पुण्याकडे, पंधरा दिवस, राहून. परीक्षा पास झाली की सरकारमान्य दाखला. सरांनी आधी आपल्या पुतणीचं नाव घातलं. पुतणीला वाटलं विमानाचं आहे. औषध फवारायचं आहे असं कळल्यावर तिची तब्येत बिघडली. पुष्पलता मॅडमच्या भाचीचीही त्याच आठवड्यात बिघडली. तेव्हा आम्ही जाहिरात लावली, खाली झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर.

ती जाहिरात पुतळीने वाचली. पुतळी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची, बावीस वर्षांची. बारावी झालेली, दोन वर्षं भिवंडीच्या गोदामात खोक्यांवर बारकोडचं मशीन फिरवून आलेली. जातीच्या दाखल्याच्या प्रती काढायला आली होती. प्रती निघेपर्यंत तिने जाहिरात दोनदा वाचली आणि जिना चढून वर आली. मी तिला म्हटलं, अर्ज दोन प्रतींत लागेल. ती म्हणाली, प्रती काढणारा खालीच बसलाय. दुसरा अर्ज आलाच नाही, म्हणून गुणवत्तेनुसार तिची निवड झाली.

ती पास होऊन आली. आम्ही तिचा सत्कार केला. बॅनरवर तिचं नाव ‘पुष्पा’ असं छापून आलं होतं आणि फोटो सरांचा होता. शाल, नारळ आणि प्लॅस्टिकचं विमान घेऊन ती शेवटच्या गाडीने गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली आणि ड्रोन कुठे आहे असं विचारलं. सरांनी तिला समजावलं की ड्रोन म्हणजे मंडळाची मालमत्ता, आणि त्याचा पहिला उपयोग कंपनीच्या साहेबांसमोरच व्हायला हवा.

साहेबांचा कार्यक्रम ऑगस्टमध्ये, शाळेच्या मैदानावर. सरांची कल्पना अशी की साहेब मांडवात शिरले की ड्रोनने वरून पुष्पवृष्टी करायची. त्यासाठी ड्रोनच्या पोटाला पत्र्याचा ट्रे बांधायचा आणि त्यात झेंडू. पुतळीला हे पटलं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, “सर, ह्याचा वारा लई असतो. मांडवाजवळ नको.”

“अगं, मी विमानातून गेलोय,” सर म्हणाले. “वाऱ्याचं तू मला सांगू नकोस.”

तीस किलोचं यंत्र वर ठेवायला जेवढा वारा खाली मारावा लागतो, तेवढा त्या दिवशी आमच्या मांडवाने खाल्ला. झेंडू खाली पडलेच नाहीत. ते आधी वर गेले, मग आडवे. कापड चारपैकी तीन खांबांवरून सुटून उडालं. साहेबांच्या भाषणाचे कागद शाळेच्या कौलांवर गेले, पुष्पलता मॅडमची स्वागतगीताची वही विहिरीकडे, आणि सत्काराच्या नऊ शाली पोरांनी पार कुंपणावरून गोळा केल्या. पुतळीने कुणालाही लागू न देता ड्रोन मैदानाच्या मधोमध नीट उतरवला. टाळ्या फक्त पोरांनी वाजवल्या, पण अशा टाळ्या मंडळाला सहा वर्षांत मिळाल्या नव्हत्या.

आठवड्याच्या आत कार्यकारिणी बसली. ठराव झाला की वैमानिकाने सुरक्षेचे नियम पाळले नाहीत. ज्या वैमानिकाने नको म्हटलं होतं तीच ही, हे मला माहीत होतं. पण इतिवृत्त मी लिहितो ते अध्यक्ष सांगतात तसं. ड्रोन आतल्या खोलीत कुलूपबंद झाला. त्याच्या सहा बॅटऱ्या बाहेरच्या काचेच्या कपाटात, ढालींच्या शेजारी मांडल्या, कारण त्यांच्यावर कंपनीचं नाव छान दिसत होतं. सगळ्या कुलपांना एकच किल्ली, ती माझ्याकडे. लेखी परवानगीशिवाय पुतळीने यंत्राला हात लावायचा नाही.

ती दर सोमवारी बाजाराच्या निमित्ताने यायची आणि कपाटासमोर उभी राहायची. बॅटऱ्या भरून ठेवल्या की खराब होतात, अर्ध्यावर आणून ठेवाव्या लागतात, असं तिने मला दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा नोंद घेतली. तिसऱ्या वेळी तिने काचेतून बोट दाखवलं. कडेच्या दोन बॅटऱ्या ओल्या पावासारख्या फुगल्या होत्या. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, भरगच्च दिसतात, राहू द्या.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भातावर तुडतुडे आले. तांदळाएवढी तपकिरी कीड, बुडाशी बसून रस शोषते. आठ दिवसांत हिरव्या खाचरात आगीने होरपळल्यासारखे गोल पट्टे पडतात. उतारावरच्या खाचरांत पाठीवर पंप घेऊन, मांडीभर चिखलातून फवारायला माणसं लागतात, आणि आमच्या पाड्यांवरची निम्मी माणसं त्या दिवसांत ठाण्या-भिवंडीला असतात. पुतळी सोमवारी माझ्या कार्यालयात आली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने भाताचा एक चूड, मुळासकट उपटलेला जुडगा, काढला आणि टेबलावर आपटला. माझ्या आवक-जावक रजिस्टरवर किडे सांडले.

मी तिला अर्ज करायला सांगितलं. तिने केला. रविवारी सभा बोलावली, पण पुरेसे सभासद आले नाहीत. पुढच्या गुरुवारी आले. त्या सभेत विषय अभ्यासासाठी तिघांच्या उपसमितीकडे गेला. तिसऱ्या सभेत पुष्पलता मॅडमनी मुद्दा काढला की मंडळ विमानविद्येचं आहे, आणि विमानविद्येच्या यंत्रातून कीटकनाशक फवारणं मंडळाच्या प्रतिष्ठेला शोभेल का. यावर सव्वा तास चर्चा झाली. सर म्हणाले, तीस हजार फुटांवरून शेतं फार सुंदर दिसतात. निर्णय पुढे ढकलला. चहा बरा होता.

दुसऱ्या दिवशी पुतळी आली तेव्हा पिशवी नव्हती. काय ठरलं, असं तिने विचारलं आणि मी सांगितलं. ती माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसली. मी एका फाइलवर उगाच शिक्के मारत राहिलो.

“भाऊसाहेब,” ती म्हणाली, “आईचा खाचर गेला. काल. खोडाळ्याच्या मामांचा अजून हाय, त्याच्या खालचे पण हायत. मग मला पायलट कशाला केला?”

याचं उत्तर मंडळाच्या घटनेत आहे. उद्दिष्टं, कलम तीन, पोटकलम क. मला ते पाठ आहे.

पुढे जे केलं त्याला धाडस म्हणू नये. धाडसी माणसाने किल्ली हातात दिली असती. मी खिशातून किल्ली काढली, टेबलावर रजिस्टरच्या बाजूला ठेवली आणि शिपायाला मोठ्याने सांगितलं की मी चहाला जातोय. चहा मी सहसा दहा मिनिटांत संपवतो. त्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. दोन कप झाले, टपरीवरचं वर्तमानपत्र मृत्युलेखांसकट वाचून झालं. परत आलो तर पुतळी नव्हती. किल्ली होती तिथेच होती, फक्त उलटी ठेवलेली. संध्याकाळी मंडळाची खोली उघडली. आतली खोली रिकामी आणि कपाटात दोनच बॅटऱ्या, त्या फुगलेल्या. चांगल्या चार गेल्या होत्या. यंत्राचं दुसरं टोक कुणी धरलं, हे मी खालच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं नाही. मी कपाटातल्या ढाली सरकवून जागा भरून काढली आणि दार लावलं.

तीन आठवडे मंडळात कुणाला पत्ता नव्हता. तरुण वैमानिकांसाठी झटणाऱ्या मंडळाचं एकमेव उडणारं यंत्र तीन आठवडे जागेवर नाही, आणि मंडळाला काही कमी पडलं नाही. या काळात आमच्या दोन सभा झाल्या. त्यांतल्या एकीत ड्रोनच्या सुरक्षिततेबद्दल समाधान व्यक्त करण्यात आलं. ते मी लिहिलं.

दसऱ्याला मात्र सरांच्या मनात आलं की यंत्रपूजेला ड्रोन मांडावा. फुलं आली, फोटोग्राफर आला, आणि आतली खोली उघडली. सर पोलिसांना बोलवा म्हणाले, चोरी म्हणाले, पुतळीचं नाव घेतलं, तिला कधीच घ्यायला नको होतं म्हणाले. फिर्याद लिहायला त्यांनी मलाच कागद आणायला सांगितला. तेव्हा मात्र मी सांगून टाकलं. म्हणजे किल्ली टेबलावर विसरलो होतो एवढंच सांगितलं. आणि ड्रोन खोडाळ्याला जगनच्या पिठाच्या गिरणीत आहे, हेही. हे तुम्हाला कसं माहीत, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, सगळ्या बाजाराला माहीत आहे.

सर, मॅडम आणि मी जीप करून निघालो. तिघेही कोटात होतो. मोखाड्यापर्यंत सर पुतळीला काय बोलायचं याची तयारी करत होते. वाक्यं चांगली होती, जरा लांब. गिरणीपाशी पोचलो तर बाहेर रांग. एका बाजूला नागली दळायला आलेल्या बाया, दुसऱ्या बाजूला औषधाच्या बाटल्या आणि पाण्याचे कॅन घेतलेली माणसं. आत गिरणीच्या मोटरशेजारी फळीवर चारही बॅटऱ्या चार्ज होत होत्या. सूर्यमाळकडे वीज दिवसभर टिकत नाही, म्हणून पुतळीने जगनशी ठरवलं होतं: वीज असेल तेव्हा गिरणीतून, नसेल तेव्हा त्याच्या जनरेटरवर. बदल्यात त्याचं तीन खाचर भात तिने आधी फवारून दिलं होतं. पिठाच्या धुळीपासून बॅटऱ्यांना जपायला वर कोरडं फडकं धरून जगनची म्हातारी आई बसली होती.

सर गाडीतून उतरले, कोटाची बटणं लावली आणि गरजायला तोंड उघडलं. तेवढ्यात रांगेतल्या एका म्हाताऱ्याने बाहीवरच्या पट्ट्या पाहिल्या. तो पुढे आला आणि सरांचे दोन्ही हात धरले.

“तुमी मंडळाचे साहेब ना? तुमच्यामुळं भात राहिला.”

त्याच्या मागची माणसं वळून बघू लागली. कुणीतरी खुर्ची आणली. सरांचं तोंड उघडंच होतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही. फक्त शब्द बदलले. ते म्हणाले, “कर्तव्यच आहे आमचं.” मग खुर्चीवर बसले आणि तीस हजार फुटांवरून सुरुवात केली.

पुतळी तिथे नव्हतीच. ती पलीकडच्या उतारावर होती. यंत्राचा आवाज येत होता आणि मधूनच भाताच्या वर त्याचं काळं अंग दिसत होतं. प्रशिक्षणात तिला सपाट, चौकोनी रानं शिकवली होती, जिथे नकाशा आखला की यंत्र आपोआप जातं. इथे एकेक खाचर दोन-तीन गुंठ्यांचं, पायऱ्यांसारखं, मध्ये आंब्याचं नाहीतर मोहाचं झाड. ती सगळं हाताने उडवत होती. भात जसा उतरतो तसं यंत्र उतरत होतं, झाड आलं की थांबून वळसा घेत होतं. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. प्रतिष्ठेचा मुद्दा त्यांनी काढला नाही.

परतीच्या वाटेवर ठरावाचा मसुदा तयार झाला. सर सांगत गेले, मी मोबाइलच्या उजेडात लिहीत गेलो. ‘भातपिकावरील किडीचा प्रादुर्भाव लक्षात घेऊन मंडळाने तातडीने, एकमताने’ वगैरे. तारीख सप्टेंबरची घालायची असं ठरलं. तिसऱ्या सभेचं पान काढून तिथे हे घातलं. माझं अक्षर एकसारखं आहे, कुणाला कळणार नाही. चिटणीस म्हणून मी जी काही कामं केली त्यांत हे सगळ्यात सफाईदार.

दिवाळीआधी सत्कार ठेवला. या वेळी बॅनरवर पुतळीचं नाव बरोबर होतं, कारण ते इतकं लहान होतं की चुकायला जागा नव्हती. वर अध्यक्ष, उपाध्यक्षा आणि कंपनीचे साहेब मोठ्या फोटोत. कार्यक्रम दुपारी चारला. साडेचार झाले तरी सत्कारमूर्ती आली नाही. पाचच्या सुमाराला तिची आई पारूबाई आली, साखरशेत गावाहून येणाऱ्या टेम्पोतून. पायाला चिखल होता. सरांनी तिला मंचावर बोलावलं आणि पुतळी कुठे आहे ते माइकवरून विचारलं. आभार वगैरे मानेल अशी अपेक्षा असावी.

पारूबाईने माइक एकदा नीट पाहिला.

“पोर साखरशेतला गेली,” ती म्हणाली. “उशिराचा भात हाय त्यांचा. सांजच्याला वारा पडतो, तवाच मारावा लागतो. मला सांगितलान, जा नि शाल घेऊन ये. आमचा खाचर गेला. तवा यंत्र कुलपात होता. दुसऱ्यांचा राहिला, बरा झाला.”

तिला यात काही टोचून बोलायचं नव्हतं. विचारलं ते तिने सांगितलं. टाळ्या पडल्या. सरांच्या सगळ्यात जास्त, कारण त्यांनी ‘राहिला’ एवढंच ऐकलं होतं. पुष्पलता मॅडमनी शाल घातली. पारूबाईने नारळ हलवून आत पाणी आहे का ते पाहिलं आणि त्याच टेम्पोने परत गेली. ते वर्ष त्यांनी रेशनच्या तांदळावर काढलं, हे मला कार्यालयातल्याच एका कागदावरून कळलं. मंडळाच्या कागदावर त्या खाचराचा उल्लेख नाही. ज्या पानावर असायला हवा होता ते पान मीच काढलं होतं.

ड्रोन पुन्हा जव्हारला आणायचा विषय कुणी काढला नाही. उलट मंडळाने खोडाळ्याला उपकेंद्र उघडल्याचं जाहीर केलं आणि सरांनी गिरणीच्या दाराला बांधलेली फीत कापली. दळणं त्या दिवशी दीड तास थांबली, बाया चिडल्या होत्या. फुगलेल्या दोन बॅटऱ्या पुतळीने कपाटातून मागून घेतल्या आणि धोक्याच्या म्हणून रीतसर परत पाठवल्या. पुढच्या वर्षी कंपनीने आणखी एका मुलीला प्रशिक्षण दिलं. पुतळीने आपल्या पाड्यावरच्या सोनीला पाठवलं, जाहिरात न लावता. सरांची पुतणी आता बरी आहे.

मी एकदा गेलो होतो बघायला, यंदाच्या भाद्रपदात. सुट्टीचा दिवस होता, कोट घातला नव्हता. पुतळीने मला ओळखलं आणि यंत्रापासून वीस पावलं लांब दोरीच्या मागे उभं केलं. मी म्हटलं, मी मंडळाचा चिटणीस आहे. ती म्हणाली, “मंग दोरीच्या मागंच.” सोनी हसली. मी तिथे उभा राहून काहीतरी बोलायची तयारी करत होतो. किल्लीबद्दल, पानाबद्दल, तिच्या आईच्या खाचराबद्दल. पुतळी कंट्रोलरच्या पडद्याकडे बघत होती. टाकी रिकामी झाली, यंत्र उतरलं, पंखे थांबले.

“भाऊसाहेब, रिकामे उभे हायत तर पाणी आणा,” ती म्हणाली. “गाळून. कचरा गेला तर नळी तुंबते.”

ओहोळ खाली दीडशे पावलांवर होता. मी दहा लिटरचा कॅन घेऊन गेलो, फडक्यातून पाणी गाळलं आणि वर आणला. चढ बराच आहे. तिने झाकण उघडून आत पाहिलं, टाकीत ओतलं आणि रिकामा कॅन पुन्हा माझ्यापुढे ठेवला. दुपारपर्यंत माझ्या अकरा खेपा झाल्या.